तिसऱ्या बाजारातली गाडी

दौंडच्या रेल्वे कॉलनीत कुणाला मोटार घ्यायची झाली, की त्यानं आधी हनुमंत कोळप्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं, असा एक कायदाच पडून गेला होता. हनुमंत मालगाडीचा ड्रायव्हर. डिझेल इंजिनाच्या खुर्चीवर त्याची उमेदीची वर्षं गेलेली, त्यामुळं इंजिनातलं याला कळतं ही लोकांची समजूत, आणि ती मोडावी असं हनुमंतला कधी वाटलं नाही. आलेल्याला तो चहा पाजायचा आणि मग पेट्रोल की डिझेल, बुटकी गाडी की लांब डिकीची, याच्या दोन्ही बाजू अशा काही मांडायचा, की माणूस आला होता त्याहून जास्त घोळात पडून उठायचा. उठताना मात्र हनुमंत त्याला एक वाक्य हमखास द्यायचा.

"हे बघा, मालगाडीचं अख्खं लटांबर वढतंय डिझेल. तुमी नवराबायको आन् दोन पोरं, तुमचं काय वजन हाय त्याला? पेट्रोल म्हंजी अत्तराचा फाया. वास बरा, पोट भरत न्हाई."

त्या वाक्यावर कॉलनीत बऱ्याच गाड्या आल्या. हनुमंतच्या दारात मात्र सायकलच होती. त्याची बायको सुषमा चहाचे कप उचलता उचलता पाहुण्याच्या देखत म्हणायची, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान." पुढचं ती बोलायची नाही. सायकलकडं बघायची.

आता हनुमंत कंजूष होता असं कुणी म्हणेल तर ते खोटं. गाडी त्याला घ्यायचीच होती, आणि हौसेसाठीही नव्हे. त्याची आई अनसाबाई निमोण्याला एकटी राहायची आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. न्हावऱ्याच्या शिबिरात डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं होतं आणि बजावलं होतं, की ऑपरेशन साधं आहे, पण लांबवलं तर डोळा हातचा जाईल. दौंडला दवाखाना होता, डॉक्टर ओळखीचे होते, मुलाचं क्वार्टर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. अडलं होतं ते एवढ्यावरच, की अनसाबाई दौंडला यायची कशी?

कारण अनसाबाईला गाडी लागायची. कुणाकुणाला लागते तशी नाही, भयंकर लागायची. मुलाला क्वार्टर मिळालं तेव्हा ती मोठ्या कौतुकानं एसटीत बसली होती. न्हावरं येईस्तोवर लिंबू चोखून झालं, पारगावच्या पुलावर पोटात काही उरलं नाही, आणि चौफुल्याला तिनं कंडक्टरला हात जोडले आणि उतरून घेतलं. तिथून दौंडपर्यंत ती डोक्यावर गाठोडं घेऊन हायवेच्या कडेनं चालत आली. दिवेलागणीला दारात उभी राहिली ती हसत, जणू शेजारच्या आळीतून आली. परतीलाही ती सगळी वाट पायीच गेली. "डिझेलच्या वासानं माझं काळीज वर येतं," तिनं जाहीर केलं, "पुन्ना त्या डब्यात बसायची न्हाई म्हंजी न्हाई."

चालायचं तिला काय कौतुक? तिचं आयुष्यच चालण्यात गेलं होतं. हे कोळपे जुने मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कुत्री, पोरंबाळं असा सगळा वाडा घेऊन निघायचं, मावळ ओलांडून खाली कोकणाच्या अंगाला उतरायचं, आणि पावसाळ्याच्या तोंडाला निमोण्याला माघारी यायचं. हनुमंत तसल्याच एका मुक्कामावर, कुणाच्यातरी भाताच्या खाचरात जन्मला. पुढं धरणाचं पाणी आलं, जमीन बागायती झाली, वाडा एका जागी स्थिरावला आणि हनुमंत शाळेत गेला. रेल्वेत खलाशी लागला, परीक्षा देत देत ड्रायव्हर झाला. बाप भिमा वारला तेव्हा उरलेली मेंढरं विकली. एकच मेंढी अनसाबाईनं विकू दिली नाही. तिचं नाव लाखी. आई मेलेलं कोकरू म्हणून अनसाबाईनं तिला बाटलीनं दूध पाजून जगवली होती, त्यामुळं लाखी स्वतःला मेंढी समजायची की अनसाबाईची लेक, हे देवालाच ठाऊक. एकटी मेंढी चरत नाही, सारखी ओरडत राहते. लाखीला कळप नव्हता, म्हणून अनसाबाई हाच तिचा कळप. अनसाबाई विहिरीवर गेली की ही मागं, देवळात गेली की ही पायरीवर.

आता डोळे अधू झाल्यावर चालतही येता येईना. म्हणून मग अनसाबाईनं एक अट काढली. "तुझी स्वताची गाडी यिऊ दी. माझ्या लेकाच्या गाडीत बसून यीन. वास आला तर आला." अट घालताना ती मनातून जरा निर्धास्तच होती, कारण ऑपरेशनची तिला धास्ती होती आणि आपल्या लेकाला ती ओळखून होती.

लेकाचं दुखणं वेगळंच होतं. त्याला निवड करता येत नसे. आणि त्यात तो स्वतःचा दोष मानायचा नाही, ती बापाची शिकवण मानायचा.

भिमा कोळप्याचा मेंढा घ्यायचा एक नियम होता. पहिल्या बाजारात मेंढा नुसता लांबून बघायचा. दुसऱ्या बाजारात त्याला चालवून बघायचा. तिसऱ्या बाजारात दात बघायचे, पाठीवर हात ठेवायचा, आणि मगच मालकाशी उपरण्याखाली बोटं धरून सौदा करायचा. मधल्या काळात दुसऱ्यानं नेला तर नेला, तो आपला नव्हताच असं समजायचं. "तीन बाजार बघितल्याबिगर मेंढा घ्यायचा न्हाई," हे वाक्य हनुमंतच्या कानांवर इतक्यांदा पडलं होतं, की त्यानं त्याच नियमानं शर्ट घेतले, पंखा घेतला, बायकोसुद्धा त्याच नियमानं केली. सुषमाला बघायला तो तीनदा गेला. तिसऱ्या खेपेला पोह्यांची बशी ठेवता ठेवता सुषमाच म्हणाली, "आता काय दात मोजायचेत का?" तेव्हा कुठं ते लग्न ठरलं.

मेंढ्याला हा नियम चालतो. सुषमालाही चालला, नशीब त्याचं. मोटारीला मात्र चालेना. मेंढ्याची नवी जात काही दर दिवाळीला निघत नाही, मोटारीची निघते! हनुमंतनं एक गाडी लांबून बघावी, दुसऱ्या खेपेला चालवून बघावी, आणि पाठीवर हात ठेवायला जावं तर शोरूममधला पोरगा म्हणे, साहेब, आता हिचं नवं मॉडेल आलंय. मॉडेल नवं म्हणजे मेंढा नवा. मग पुन्हा पहिला बाजार. असं एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. पेट्रोल चढलं की त्याला डिझेलचा हुरूप यायचा. कुणी सांगायचं डिझेलचा देखभालीचा खर्च भारी, की तो पुन्हा ओट्यावर येऊन बसायचा. आधी सांगितलं ना, दोन्ही बाजू मांडण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. ओट्यावर पाहुणा नसेल तेव्हा तो त्या स्वतःपुढंच मांडायचा.

चौथं वर्ष लागलं तेव्हा सुषमाचा संयम सुटला. तिचं माप सोपं होतं. तिला पेट्रोलची छोटी गाडी हवी होती. कॉलनीतल्या बोळात वळेल, आपल्याला चालवायला शिकता येईल, आणि आत्याबाईंना डिझेलचा वास येणार नाही. सासूचं नाव घेतलं की नवऱ्याचं तोंड बंद होतं, हे तिला चांगलं माहीत होतं. पण हनुमंतच्या मनात आणखी एक काटा होता.

"आन् लाखी? लाखीला सोडून आई यील व्हय? त्या बुटक्या गाडीच्या डिकीत बसतंय काय, एक पातेलं! लांब डिकीची पायजे. मेंढी आरामात मागं बसंल."

"लांब डिकीची म्हंजी ती मयताची गाडी दिसती तसली?" सुषमा म्हणाली. "आन् ती तर डिझेलवरच मिळती आपल्या ऐपतीत. म्हंजी आत्याबाईंना उलट्या."

तर असा हा पेच होता. पेट्रोलच्या बुटकीत आई बसेल, मेंढी बसणार नाही. डिझेलच्या लांबडीत मेंढी बसेल, आई बसणार नाही. आणि मेंढीशिवाय आई नाही. हनुमंतला या पेचाचा राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर त्याला तो आतून आवडला होता. इतका चोख पेच असला, की माणसाला निवड न करण्याचं कारण मिळतं.

यवतला हायवेवर आनंदराव म्हणून एक बागायतदार होते. उसाच्या पैशावर त्यांनी ढाबा काढला होता आणि ढाब्याच्या मागच्या पटांगणात जुन्या गाड्यांचा धंदा. गडी बोलका आणि दिलाचा मोकळा. त्यांच्या पटांगणात योगायोगानं दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक पेट्रोलची बुटकी, लाल. एक डिझेलची लांबडी, पांढरी. हनुमंत पहिल्या रविवारी गेला आणि लांबून बघून आला. दुसऱ्या रविवारी दोन्ही गाड्या हायवेवर चालवून आला. बुटकीचा पिकअप बघून तो हरखला, कारण पायाचं बोट टेकवलं की ती उडत होती. लांबडी सावकाश वेग धरत होती, पण एकदा धरला की चढणीलाही सोडत नव्हती, आणि हे तर त्याच्या इंजिनासारखंच होतं. घरी आला तो दुप्पट घोळ घेऊन.

तिसऱ्या रविवारी आनंदरावांनी त्याच्यापुढं चहा ठेवला आणि हात जोडले.

"ड्रायव्हरसाहेब, आता माझ्याच्यानं व्हत न्हाई. तुमी बघाया आला की माझी पोरं पैज लावत्यात, आज घेतंय का न्हाई म्हणून. गाडी कुणासाठी घेताय?"

"आईसाठी."

"मग मला कशाला इचारताय? आईला दावा की. आज ही न्या, पुढच्या आयतवारी ती न्या. जी म्हातारीला पटंल ती तुमची. चाव्या घ्या."

इतकी साधी गोष्ट चार वर्षांत हनुमंतच्या डोक्यात आली नव्हती. त्यानं सगळ्या कॉलनीला विचारलं होतं, शोरूमवाल्यांना विचारलं होतं, आईला तेवढं विचारायचं राहिलं होतं. तिला काय कळतंय गाडीतलं, असं त्याला वाटलं असावं.

त्या रविवारी लाल बुटकी घेऊन नवराबायको निमोण्याला गेली. अनसाबाईनं गाडीवरून हात फिरवला, दार चाचपलं, सीट दाबून बघितली. वास घेतला. "ह्यो वास बरा हाय," ती म्हणाली. सुषमानं नवऱ्याकडं विजयानं बघितलं. लाखीला मागच्या सीटवर चढवायचा प्रयत्न झाला, पण तिनं सुषमाच्या मांडीवर पुढचे पाय रोवले आणि तोंड गिअरपाशी आणून असं काही ओरडायला लागली, की तिला खाली उतरवावं लागलं. शेजारच्या सारजाबाईनं तिला दोरीनं धरलं आणि गाडी निघाली.

अनसाबाई पुढच्या सीटवर ताठ बसली होती. तिला मळमळत नव्हतं, काही नव्हतं. हनुमंतचा ऊर भरून आला. आई आपल्या शेजारी, मालकिणीसारखी, गाडी वळणावरून जातेय. मग त्यानं आरशात बघितलं. लाखीनं दोरी तोडली होती. ती भर रस्त्यातून गाडीमागं धावत होती, जीभ बाहेर, गळ्यातली दोरी धुळीत फरफटत. मेंढी एकटी अशी पळत नाही. ओरडायलाही तिच्यात दम उरला नव्हता.

अनसाबाईला आरसा दिसत नव्हता. पण खुरांचा आवाज तिनं ओळखला. तिनं चालत्या गाडीचं दार उघडलं. हनुमंतनं ब्रेक मारला म्हणून बरं, नाहीतर म्हातारी रस्त्यावर पडली असती. ती उतरली, हात पुढं करून चाचपत मागं गेली, लाखी तिच्या अंगावर येऊन आदळली, आणि दोघी तिथंच रस्त्यात बसल्या. पेट्रोलच्या गाडीचा निकाल लागला.

पुढच्या रविवारी पांढरी लांबडी आली. सुषमानं मागची सीट आडवी पाडली, त्यावर घोंगडी अंथरली. मागचं मोठं दार वर उचललं, लाखीनं एकदा आत हुंगलं आणि उडी मारून चढली ती आपलीच जागा असल्यासारखी. घोंगडीवर पाय मुडपून बसली आणि रवंथ करायला लागली. हनुमंतला हसू फुटलं. घोंगडीच्या कडेला सुषमानं अंग चोरून जागा केली. अनसाबाई पुढं बसली, तोंडात लिंबाची फोड, नाकाला पदर.

न्हावऱ्याच्या अलीकडं कॅनॉल लागतो, तिथवर तिनं धीर धरला. मग तिनं हनुमंतच्या दंडाला हात लावला. त्यानं गाडी बाजूला घेतली. बाभळीखाली बसून अनसाबाई पोटातलं सगळं ओकली. सुषमा तिची पाठ चोळत होती. हनुमंतनं तांब्यातून पेला भरला आणि तिच्यापुढं धरला.

"आई, पाणी घे."

अनसाबाईनं हात पुढं केला. तो पेल्याच्या बाजूनं गेला. तिनं पुन्हा हात पुढं केला, या वेळी पेल्याच्या वरून. पेला तिच्या तोंडापासून हातभरावर होता, ऊन लख्ख होतं, आणि पितळेचा तो पेला चकाकत होता.

महिन्याकाठी हनुमंत घरी येत होता, आई भाकरी थापत होती, चूल पेटवत होती, सगळं जागच्या जागी करत होती. घर पाठ असल्यावर डोळे लागत नाहीत, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. इथं परक्या रस्त्यावर तिला पेला दिसत नव्हता. त्यानं तिचा हात धरून पेल्यावर ठेवला, आणि त्याला आपली इतकी शरम वाटली, की काहीतरी बोलायचं म्हणून तो भलतंच बोलून बसला.

"असू दी आई. ही न्हाई तर न्हाई. पुण्याला म्हणं पेट्रोलवरची लांब डिकीची आलीया एक. पुढच्या आयतवारी जाऊन बघतो. एकदा बघतो, मग—"

"मग चालवून बघशील," अनसाबाई म्हणाली. "मग दात बघशील."

तिनं चूळ भरली, तोंड पुसलं. आणि मग ती जी कडाडली, तशी हनुमंतनं तिला लहानपणानंतर ऐकली नव्हती.

"तुझ्या बापाचं तीन बाजार, तीन बाजार! तुला काय वाटतं, त्यो शाणपणानं तीन बाजार करायचा? लेका, तुझ्या बापाला कंचाच मेंढा पसंत पडायचा न्हाई. त्यानं दहा बाजार बघितलं असतं. तिसऱ्या बाजाराला मी सांगायची, आज मोकळ्या हातानं आलास तर चूल पेटायची न्हाई. म्हणून तीन! भाकरीच्या भ्यानं तीन! आन् लोकांत सांगताना म्हणायचा, नियम हाय."

सुषमानं तोंडाला पदर लावला. हनुमंत पेला हातात धरून तसाच उभा. चाळीशी ओलांडलेल्या माणसाला आपल्या बापाची थोरवी रस्त्याच्या कडेला अशी मोडलेली बघायला मिळावी, यासारखी पंचाईत नाही.

"लाखी कुठं बसलीया?" अनसाबाईनं विचारलं.

"मागं. घोंगडीवर."

"उलट्या केल्या का तिनं?"

"न्हाई. रवंथ करतीया."

"मग मला तिथं बसव."

"आई, डिकीत? लोकं काय म्हणतील? हनुमंत कोळप्यानं आईला डिकीत घालून आणली! तू पुढं बसायची. तुझ्यासाठी तर—"

"लोकांना डोळं हायत, ती बघतील. मला न्हाईत. मला बसव."

आणि ती मागं चढली. सुषमा पुढं येऊन बसली. अनसाबाई घोंगडीवर मांडी घालून टेकली, लाखीची मान तिनं मांडीवर घेतली आणि तिच्या लोकरीत नाक खुपसलं. मेंढीच्या लोकरीला काय वास असतो, तो ज्यानं घेतलाय त्यालाच माहीत. त्यापुढं डिझेल काय, डांबरसुद्धा हरतं. ज्या वासात अनसाबाईनं जन्म काढला, पोरं वाढवली, नवऱ्याला पोचवला, त्या वासात तिचं काळीज जागेवर बसलं. "चल," ती आतून म्हणाली.

हनुमंत चालवत होता आणि दर थोड्या वेळानं विचारत होता, "आई, बरं हाय का?" आतून उत्तर यायचं, "तू पुढं बघ." पारगावचा पूल गेला. नदीवरचा वारा खिडकीतून आत आला, तेव्हा मागून गुणगुणल्याचा आवाज आला. सुषमानं वळून बघितलं आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर थाप मारली. आईच होती ती.

चौफुला आला. इथं रस्ता फुटतो. उजवीकडं यवत, जिथं ही गाडी परत करायची होती. डावीकडं दौंड. गाडी अजून आनंदरावांची होती, हा बघायचा दिवस होता, कागद व्हायचे होते, सौदा व्हायचा होता. शिवाय पुण्याची ती पेट्रोलवरची लांबडी अजून बघायचीच होती. हनुमंत क्षणभर थांबला. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न ठोकला.

त्यानं गाडी डावीकडं घातली.

पाटस मागं पडेपर्यंत सुषमा हळूच त्याच्याकडं बघत होती, हा माणूस आता यू-टर्न मारतो का म्हणून. त्यानं मारला नाही. दौंडला पोचल्यावर त्यानं आनंदरावांना फोन लावला.

"आनंदराव, गाडी घेतली."

"अरारा! कंची? लाल का पांढरी?"

"जिच्यात आई बसली ती."

आनंदराव फोनवर इतके हसले, की ते शेजारी बसलेल्या सुषमालाही ऐकू गेलं. पैसे, कागद सगळं पुढच्या आठवड्यात बघू, म्हणाले, आधी म्हातारीचे डोळे बघा.

कॉलनीत गाडी शिरली तेव्हा रविवारची संध्याकाळ होती, आणि सगळे ओट्यांवर होते. ज्याच्या सल्ल्यानं सगळ्यांनी गाड्या घेतल्या, त्यानं अखेर गाडी आणली म्हणून माणसं उठून आली. हनुमंत उतरला, मागं गेला आणि सगळ्यांच्या देखत त्यानं डिकीचं दार वर उचललं. आतून आधी मेंढी उतरली आणि मग तिच्या मानेचा आधार घेत त्याची आई. एका हेडक्लार्कच्या तोंडून "अरे बापरे" असं निघून गेलं. वाटेत हनुमंतनं या क्षणासाठी चार वाक्यं जुळवून ठेवली होती. ती त्यानं वापरली नाहीत. "माझी आई हाय," एवढंच म्हणाला, आणि तिचा हात धरून घरात गेला. लाखीची व्यवस्था मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली झाली. डिझेलच्या गाडीतून आलेला हा पाहुणा बघायला कॉलनीतली पोरं दोन दिवस रांगेनं येत होती.

ऑपरेशन उजव्या डोळ्याचं आधी झालं. अनसाबाईनं डॉक्टरांना एवढंच विचारलं, की टाके घालताना बोलायला बंदी आहे का. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. हनुमंतनं त्या सकाळी गाडी धुतली. चाकंसुद्धा घासली. पुढं झेंडूचा हार घातला, लिंबू-मिरची बांधली आणि गाडी दवाखान्याच्या पायरीसमोर अशी उभी केली, की बाहेर पडणाऱ्या माणसाला पहिल्यांदा तीच दिसावी. डिझेल घेतलं, लांब घेतली, चार वर्षं घातली, आता बघणारीनं बघावं आणि शाब्बास म्हणावं, एवढीच त्याची मागणी होती.

सुषमा सासूचा हात धरून तिला बाहेर घेऊन आली. डोळ्यांवर काळा चष्मा होता. पायरीवर अनसाबाई थांबली. चष्म्याआडून तिनं समोर बघितलं. उन्हाकडं बघितलं. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलवाल्याकडं बघितलं. त्याच्या सायकलला पिशवी अडकवलेली होती, ती हिरवी आहे असं तिनं सुषमाला सांगितलं.

"आई, गाडी बघ की," हनुमंत म्हणाला. "कशी हाय?"

अनसाबाईनं गाडीकडं बघितलं. "लांब हाय," ती म्हणाली. आणि मग तिनं मान वळवून बोलणाऱ्याकडं बघितलं. बघतच राहिली.

"हनम्या, हिकडं यी."

तो पायरीपाशी आला.

"वाक खाली."

तो वाकला. तिनं चष्मा कपाळावर सरकवला. डॉक्टर नको म्हणाले होते, सुषमा नको म्हणत होती. तिनं त्याच्या कानामागं बोटं घातली आणि केस उजेडाकडं वळवले. महिन्याच्या महिन्याला तो तिच्यापुढं बसत होता आणि ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती. पण हाताला रंग कळत नाही.

"हे काय रं?"

"काय?"

"केसं. मला दिसत व्हतं तवा काळीभोर व्हती."

चार वर्षांचा हिशेब हनुमंतला तिथंच, त्या पायरीपाशी लागला. त्यानं उगाच हसल्यासारखं केलं.

"धूळ हाय आई. इंजनावरची. आज आंघूळ न्हाई केली नीट."

अनसाबाईनं त्याच्याकडं डोळा भरून बघितलं. तिनं पदराचं टोक घेतलं, त्याच्या कानशिलावर ठेवलं आणि ती धूळ पुसायला लागली. धूळ काही जाईना. ती मात्र पुसत राहिली, आणि गाड्या-रिक्षांच्या त्या गर्दीत हनुमंत तसाच वाकून उभा राहिला.